पोकलेनचा पंजा बदलतो तेव्हा

रस्त्याच्या कडेला खोदकाम चालू असलं की तिथं दोन प्रकारची माणसं दिसतात. एक काम करणारी आणि दुसरी ते काम बघत उभी असलेली. दुसरी नेहमीच जास्त! दप्तर पाठीला लावलेली पोरं, दूध घेऊन निघालेले आजोबा, भाजीची पिशवी सांभाळणाऱ्या काकू, सगळे घटकाभर थांबतात. २०१९ साली तर जेसीबीनं माती उकरतानाच्या चित्रफिती बघण्याचं वेड देशभर इतकं पसरलं, की त्यावर विनोदांचा नुसता पाऊस पडला होता.

तुम्हीही असे कधी थांबला असाल, तर एक गंमत तुम्ही पाहिली असेल. वरची माती असते तोवर यंत्राच्या हाताला बादली असते. तिला तिथली मंडळी 'बकेट' म्हणतात. पण आपल्या महाराष्ट्रातली जमीन कशी? चार-सहा फूट माती, मग मुरूम आणि मग खाली काळा पाषाण! तो लागला की बकेटचे दात नुसते खरवडतात. मग यंत्र मागं सरकतं, बकेट जमिनीवर ठेवून देतं, बाजूला आडवा पडलेला तोफेच्या नळीसारखा जाडजूड ब्रेकर उचलतं आणि थोड्या वेळानं सगळी गल्ली ठक-ठक-ठक-ठक अशा आवाजानं हादरायला लागते. हात तोच, पंजा नवा!

हा पंजा बदलतात कसा? त्याला ताकद कुठून मिळते? आणि तो नीट बसलाच नाही तर काय होतं? हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, बरं का. माणसांचे जीव त्यावर अवलंबून असतात.

आधी नावांचा घोळ मिटवू

आपल्याकडे पट्ट्यांवर चालणाऱ्या आणि स्वतःभोवती गरकन फिरणाऱ्या खोदयंत्राला सरसकट 'पोकलेन' म्हणतात. खरं तर पोकलेन ही फ्रान्समधली एक कंपनी. १९६१ साली तिनं 'टीवाय ४५' नावाचं तेलाच्या दाबावर चालणारं खोदयंत्र बाजारात आणलं आणि ते खूप गाजलं. पुढं आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोनं पोकलेनच्या सहकार्यानं अशी यंत्रं बनवली. लोकांनी यंत्रावरचं नाव वाचलं आणि तेच त्याचं नाव ठरवून टाकलं. आज पिवळं, निळं, नारिंगी, कुठल्याही कंपनीचं असो, गावच्या भाषेत ते पोकलेनच.

जेसीबीची कथाही तशीच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची ही आद्याक्षरं. त्यानं १९४५ साली एका छोट्या गॅरेजात धंदा सुरू केला. पुढं माती भरायचं मोठं सूप आणि मागं खोदायचा हात, असं टायरवर पळणारं यंत्र त्याच्या कारखान्यानं प्रसिद्ध केलं. भारतात ते १९७९ पासून बनू लागलं. तेव्हा पट्ट्यावरचं ते पोकलेन आणि टायरवरचं, पुढं सूप-मागं हात असलेलं ते जेसीबी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पंजा बदलण्याची युक्ती दोन्हींना लागू आहे.

दोन सिरिंजांचा प्रयोग

आता ताकदीकडे वळू. औषधाच्या दुकानातून दोन नव्या सिरिंजा आणा, सुया नकोत! एक लहान, ५ मिलिलिटरची आणि एक मोठी, २० मिलिलिटरची. दोन्हींची तोंडं बारीक प्लॅस्टिकच्या नळीनं जोडा. आत पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. पाण्यात थोडी निळी शाई टाकली तर अजून मजा. आता धाकट्या भावाला किंवा बहिणीला लहान सिरिंज द्या, मोठी तुम्ही घ्या आणि दोघंही दट्ट्या दाबा. कोण जिंकतं? धाकटा! तुम्ही कितीही जोर लावा, तुमचा दट्ट्या मागं ढकलला जातो.

यात जादू नाही. बंद पाण्यावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पसरतो, हे ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानं सतराव्या शतकात सांगितलं. दाब सारखा, पण मोठ्या दट्ट्याचं तोंड मोठं, म्हणून त्यावरचा एकूण जोर जास्त. व्यास दुप्पट झाला तर जोर चौपट. मात्र फुकट काही मिळत नाही. धाकट्याचा दट्ट्या लांबवर जातो, तेव्हा तुमचा थोडासाच सरकतो.

१७९५ साली जोसेफ ब्रामानं याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. पुढं १८४६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या धक्क्यावर विल्यम आर्मस्ट्राँगनं शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली. हा आर्मस्ट्राँग पेशानं वकील होता! कोर्टातल्या कामापेक्षा त्याचं मन यंत्रांत जास्त रमायचं.

आताच्या यंत्रांत पाण्याऐवजी खास तेल असतं. वीस टन वजनाच्या पोकलेनमध्ये इंजिनावर चालणारे पंप मिनिटाला चारशे लिटरच्या आसपास तेल ढकलू शकतात, आणि त्याचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर ३५० किलोपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेचा दाब याच मापानं जेमतेम दोन-सव्वादोन किलो. म्हणजे दीडशेपट! आता वही घ्या. यंत्राचा मुख्य हात उचलणारे दोन चकचकीत दांडे असतात ना, ते ज्या नळकांड्यांतून आत-बाहेर करतात त्यांना 'सिलिंडर' म्हणतात. अशा एका सिलिंडरचा आतला व्यास १२ सेंटिमीटर धरा. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४. उत्तर येईल सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर. त्याला ३५० नं गुणा. झाले साडेएकोणचाळीस हजार किलो! एकटा दांडा जवळजवळ चाळीस टनांचा जोर लावतो.

आता त्याच सिरिंजांवर आणखी एक गोष्ट करून पाहा. नळी मधूनच काढा आणि पुन्हा लावा. काय झालं? थोडं पाणी सांडलं, थोडी हवा आत गेली आणि आता दट्ट्या दाबला की आधी मऊ मऊ लागतो, मग कुठं जोर पोचतो. हवा दबते, पाणी सहजी दबत नाही, म्हणून असं होतं. टेबलावर हे चालून जाईल. पण जिथं चाळीस टनांचा खेळ आहे, तिथं दर वेळी हत्यार बदलताना तेल सांडायचं, हवा आत शिरायची आणि वर धुळीचे कणही जायचे, हे कसं परवडणार? पंजा बदलण्याच्या या सगळ्या शास्त्रात खरी मेख दोनच ठिकाणी आहे. पहिली, लोखंडाचं लोखंडाशी नातं पक्कं कसं करायचं. दुसरी, तेलाच्या नळ्या न सांडता कशा जोडायच्या.

घण, पिन आणि घाम

तुमचा हात समोर धरा. खांदा, कोपर, मनगट. पोकलेनचंही तसंच. खांद्यापासूनचा वाकडा भाग म्हणजे 'बूम', कोपरापुढचा 'आर्म' आणि मनगटाशी बकेट. हे मनगट दोन जाडजूड लोखंडी पिनांवर तोललेलं असतं. एक पिन आर्मच्या टोकाला. दुसरी पिन बकेट आत-बाहेर वळवणाऱ्या दुव्याला. वीस टनी यंत्रात ही पिन आठ सेंटिमीटर जाड असते. तुमच्या मनगटापेक्षा नक्कीच जाड.

बकेट काढायची तर या दोन पिना बाहेर काढायच्या. बोलायला सोपं! चिखल, गंज आणि महिनोन्‌महिने खाल्लेले हादरे यांनी त्या जाम झालेल्या असतात. एक जण दुसऱ्या लोखंडी दांड्याचा टेका लावून धरतो, दुसरा घण घालतो. पिन निघाली की ऑपरेटर हात अलगद उचलतो, नव्या हत्यारावर आणतो आणि मग सुरू होते भोकाला भोक जुळवण्याची कसरत. 'जरा वर… बास… थोडं मागं… अरे, किती मागं!' हेल्पर ओरडतो, ऑपरेटर आत बसून केसभर केसभर हलवतो. भोकं जुळली की ग्रीस लावून पिन आत ठोकायची. यात अर्धा तास सहज जातो, पिन हट्टी निघाली तर त्याहून कितीतरी जास्त.

याच कसरतीत बोटं जातात. भोक जुळलं की नाही हे बोट घालून बघायचा मोह होतो. वर टांगलेलं शेकडो किलोंचं लोखंड एका बोटाएवढं जरी हललं, तरी काय होईल हे वेगळं सांगायला नको. जुने मेकॅनिक नव्या पोरांना पहिला धडा देतात तो हाच : भोकात डोळा घाल, बोट घालू नकोस.

चटकन जोड

यावर उपाय निघाला तो 'क्विक कपलर'चा. इंग्लंडमध्ये त्यालाच 'क्विक हिच' म्हणतात. कल्पना अगदी सोपी. मनगटाला एक मजबूत पकड कायमची बसवून टाकायची. पिना प्रत्येक हत्याराच्या डोक्यावर आधीच बसवलेल्या. ऑपरेटर पकडीचा पुढचा आकडा हत्याराच्या पहिल्या पिनेत अडकवतो, हात थोडा उचलतो, मनगट वळवतो. हत्यार झोक्यासारखं फिरून दुसरी पिन पकडीच्या मागच्या खोबणीत आणून ठेवतं. मग एक बटण दाबायचं. आतला छोटा सिलिंडर जबडा किंवा पाचर पुढं सरकवतो आणि दुसरी पिन जखडून जाते. खाली उतरायचं काम फक्त नीट बसलं ना हे बघायला. कसलेला ऑपरेटर दोन-चार मिनिटांत बकेट बदलतो.

स्वीडनमध्ये तर एकच यंत्र दिवसभरात पाच-सहा हत्यारं बदलत काम करताना दिसतं. तिथल्या लोकांनी एक शहाणपणा फार लवकर केला. पकडीची मापं ठरवून टाकली. 'एस ४५', 'एस ६०', 'एस ७०' अशी त्यांची नावं. आकडा म्हणजे पिनेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एस ६० पकड असली की कुठल्याही कारखान्याची एस ६० बकेट तिला बसणार. त्याच देशात १९८० च्या दशकात खोदयंत्राला आणखी एक मनगट मिळालं. दाराची मूठ फिरवताना आपलं मनगट वळतं ना? साध्या पोकलेनचं मनगट फक्त वाकतं, वळत नाही. 'टिल्टरोटेटर' नावाचा जोडभाग लावला की बकेट स्वतःभोवती पूर्ण गोल फिरते आणि डावी-उजवीकडे कलतेसुद्धा. मग यंत्र जागचं न हलवता झाडाच्या बुंध्याभोवतीची माती हळुवार काढता येते. आपल्याकडे हे अजून क्वचितच दिसतं. खरं सांगू? एकदा ते बघितलं की नुसती वाकणारी बकेट बिचारी लुळी वाटायला लागते.

मोजमापं सगळ्यांनी मान्य केली की काय होतं, हे बघायचं तर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे पाहा. तिथल्या अजस्र क्रेनना साधा आकडा नसतो. त्याजागी 'स्प्रेडर' नावाची लांबलचक चौकट असते. २० फुटी कंटेनर उचलायचा की ४० फुटी, त्याप्रमाणे ती लांब-आखूड होते. चार कोपऱ्यांवर चार कुलपं. ती कंटेनरच्या कोपऱ्यातल्या भोकांत शिरतात आणि पाव वळसा फिरून अडकतात. जगातल्या कुठल्याही बंदरातून आलेला कंटेनर असो, कोपऱ्याची भोकं एकाच मापाची. चौकट चारही कोपऱ्यांवर टेकली की एक दिवा, कुलपं फिरली की दुसरा दिवा. आणि एकदा का वजन कुलपांवर आलं, की ती उघडतच नाहीत, तशी रचनाच केलेली असते. हवेत टांगलेला कंटेनर चुकून बटण दाबलं म्हणून खाली पडायचा नाही.

खोदयंत्रांच्या दुनियेत मात्र अजून असा एकोपा नाही. प्रत्येक कंपनीच्या पिनेची जाडी वेगळी, दोन पिनांमधलं अंतर वेगळं. डोळ्याला सारखीच दिसणारी दुसऱ्याची बकेट आपल्या पकडीत 'जवळजवळ' बसते. या 'जवळजवळ'नंच घात होतो.

दिसत नाही, म्हणून…

ऑपरेटर बसतो कॅबिनमध्ये. जोड असतो पाच-सहा मीटर लांब, वर चिखलानं माखलेला. पुढची पिन आकड्यात आहे, पण मागची पिन खोबणीत न जाता जबड्याच्या बाहेरच राहिली आहे, हे आतून ओळखायचं कसं? हत्यार तर टांगलेलं दिसतंय! हात हलवला तरी ते बराच वेळ पडत नाही. मग कधीतरी बकेट उलटी वळवली जाते, पुढची पिनही आकड्यातून घसरते आणि टनभराचं लोखंड खाली येतं. खाली चरात पाइप जोडणारा माणूस असेल तर?

ही कल्पना नाही. २००० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये अशी बकेट सुटून पडल्यानं कामगार मेले. त्यातली काही कारणं वाचली तर चुटपुट लागून राहते. त्या वेळी बऱ्याच पकडी अर्ध्या स्वयंचलित होत्या. जबडा बटणानं मिटायचा, पण त्यानंतर ऑपरेटरनं खाली उतरून एक सुरक्षा-पिन हातानं घालायची असे. दिवसातून दहादा बकेट बदलायची, पाऊस पडतोय, चिखल आहे… एकदा नाही घातली, काही झालं नाही. दुसऱ्यांदा नाही घातली, काही झालं नाही. शेवटी ती पिन कॅबिनमध्येच पडून राहायला लागली. तिथल्या सुरक्षा खात्यानं, म्हणजे 'हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह'नं यावर वारंवार इशारे दिले.

इंजिनिअरांनी यातून एक गोष्ट ओळखली. माणूस रोज दहा वेळा न चुकता आठवण ठेवील, या भरवशावर यंत्र बनवायचं नाही. म्हणून नव्या पकडींत मागच्या पिनेबरोबर पुढच्या पिनेलाही स्वतंत्र कुलूप आलं. तेलाचा दाब गेला तरी स्प्रिंगच्या जोरावर मिटलेला राहणारा जबडा आला. एकच बटण चुकून दाबलं म्हणून उघडू नये, यासाठी दोन टप्प्यांची बटणं आली. कॅबिनमधून दिसेल अशी लाल-हिरवी खूण आली. २०१६ साली 'आयएसओ १३०३१' या नावानं क्विक कपलरच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानकही निघालं.

तरीसुद्धा चांगला ऑपरेटर हिरव्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. हत्यार जोडलं की तो ते जमिनीपासून वीतभरच उंच ठेवून आत-बाहेर वळवतो, झटका देतो. मग टोक जमिनीवर टेकवून दाबतो, आणि खाली उतरून दोन्ही पिना डोळ्यांनी बघतो. सगळं मिळून मिनिटभराचं काम. तोवर आसपास कुणाला येऊ देत नाही. तुमच्या गल्लीत काम करणारा ऑपरेटर हे करतो का, लांबून नक्की बघा.

नळ्यांची गोष्ट

बकेटला स्वतःचं तेल लागत नाही, ती मनगटाच्या जोरावरच चालते. ब्रेकरला मात्र तेल हवं. म्हणून यंत्राच्या हातावरून दोन जाड नळ्या खाली आणलेल्या असतात, एक तेल नेणारी, एक परत आणणारी. नळीच्या टोकाला झडपेचं कनेक्टर असतं. निघालं की आपोआप बंद होतं, जुळलं की उघडतं. चांगल्या कनेक्टरचं तोंड सपाट असतं, म्हणजे पुसायला सोपं आणि सांडायला थेंबभरच. आपल्या सिरिंजवाल्या प्रयोगातला घोळ इथं मिटला.

पण उन्हाळ्यात एक निराळीच गंमत होते. ब्रेकर दुपारभर उन्हात पडून राहिला की आत कोंडलेलं तेल तापून फुगतं, दाब चढतो आणि कनेक्टर काही केल्या बसत नाही. नवखा हेल्पर मग पाना घेऊन नळीचा नट ढिला करायला जातो आणि गरम तेलाची चिळकांडी तोंडावर येते. यंत्राच्या बाजूच्या नळ्यांत उरलेला दाब तर नेहमीच आधी सोडवून घ्यावा लागतो. इंजिन बंद करून लिव्हर इकडं-तिकडं हलवायची, त्याची ठरलेली पद्धत असते.

त्याहून वाईट म्हणजे नळीला पडलेलं सुईएवढं भोक. त्यातून निघणारी तेलाची धार कधी कधी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. 'गळतंय कुठं?' म्हणून हात फिरवला, तर ती कातडीतून आरपार आत शिरते, इंजेक्शनसारखी. वर नुसती सुई टोचल्यासारखी खूण दिसते, फार दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो. आत मात्र तेल बोट सडवत असतं. तातडीनं शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. म्हणून गळती शोधताना जाणकार पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी ट्रॅक्टर असेल, तर ही गोष्ट आजच घरच्यांना सांगा. ट्रॅक्टरच्या तेलाच्या नळ्याही अशाच असतात.

आता तर तेलाच्या झडपाही पकडीतच बसवलेल्या मिळतात. हत्यार अडकलं की नळ्याही आपोआप जुळतात, कुणाला खाली उतरून हात काळे करावे लागत नाहीत. जुन्या इमारती पाडणाऱ्यांना हे फार सोयीचं. भिंत फोडायला एक हत्यार, सळया कापायला दुसरं, ढिगारा उचलायला तिसरं.

एकेक पंजा, एकेक स्वभाव

ब्रेकर मुळात जर्मनीतल्या क्रुप कंपनीनं १९६० च्या दशकात पुढं आणला. त्याच्या आत एक जड दट्ट्या असतो आणि डोक्याशी नायट्रोजन वायू कोंडलेला असतो. तेल दट्ट्याला वर ढकलतं, वायू दबतो आणि मग दोघांच्या जोरानं दट्ट्या खालच्या छिन्नीवर आदळतो, मिनिटाला काही शे वेळा. छिन्नी दगडावर दाबून धरलेली असली तरच घाव दगडाला बसतो. हवेत चालवला तर तो स्वतःचीच हाडं मोडून घेतो.

लोखंडी कात्री सळया आणि गर्डर चिरते. काँक्रीटचा चुरा करणारा जबडा दाढांसारखा चावतो. भंगाराच्या वखारीत पाच-सहा पाकळ्यांचा पंजा दिसतो, सोललेल्या संत्र्याच्या फोडी उलट्या मिटाव्यात तसा. ट्रकवर बसवलेल्या क्रेनच्या टोकालाही असे पंजे लावतात. मात्र तिथं वजाबाकी विसरून चालत नाही. समजा, क्रेन हात पूर्ण लांब करून हजार किलो उचलते आणि पंजाच अडीचशे किलोंचा आहे. मग माल उचलता येणार साडेसातशेच. हात जितका लांब, तितकं टोकाचं वजन यंत्राला जास्त ओढतं. सी-सॉवर टोकाला बसलेलं किडकिडीत पोरही मध्ये बसलेल्या जाड्याला उचलतं ना, तसं! ब्रेकर बकेटपेक्षा चांगलाच जड असू शकतो, म्हणून लहान यंत्राला मोठा ब्रेकर लावला तर ते उतारावर कलंडू शकतं.

शिवाय प्रत्येक हत्याराची भूक वेगळी. कुणाला मिनिटाला दीडशे लिटर तेल पुरे, कुणाला तीनशे हवं. कमी दिलं तर ते रेंगाळतं, जास्त दिलं तर फुटतं. म्हणून जोडल्यावर यंत्राला 'आता अमुक हत्यार आहे' हे सांगावं लागतं. आताच्या बऱ्याच यंत्रांत त्यासाठी पडद्यावर यादी असते.

पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल आठवतो? २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास तो स्फोटकांनी उडवला गेला. मोठा आवाज झाला, धुळीचे लोट उठले, आणि धूळ बसल्यावर दिसलं की सळयांनी जखडलेला बराचसा भाग अजून जागेवरच आहे! मग पोकलेनना ब्रेकर लावून तो खाली आणावा लागला. सकाळपर्यंत मोठा महामार्ग मोकळा करायचा होता. अशा रात्री ढिगारा उचलायची बकेट आणि काँक्रीट फोडायचा ब्रेकर, दोन्ही हाताशी असावे लागतात.

आता पुढच्या वेळी काम बघायला थांबलात, तर यंत्राचा हात पूर्ण लांब केला आणि फिरवला तर जिथवर पोचेल, त्याच्याही बरंच बाहेर उभे राहा. हत्यार बदलताना तर आणखी मागं. आणि तिथून हातावरच्या नळ्या मोजा. आर्मच्या टोकाशी दोन जाड नळ्या टोपणं लावून मोकळ्या सोडलेल्या दिसल्या, तर आज बकेट असली तरी हे यंत्र ब्रेकर लावणारं आहे. त्यांच्या शेजारी तिसरी, बारीक नळी दिसली, तर त्याला फिरणारी मोटर असलेली हत्यारंही चालतात. ती नळी मोटरमधून झिरपलेलं तेल टाकीत परत नेते. आणि नळ्याच नसल्या, तर समजा, त्याच्या नशिबी फक्त माती!